पाचवे माप

“भांडं घडवणाऱ्याला भांड्यातल्याचं पाप लागतं का, महाराज?”

उदासगीर महाराज मठाच्या दारात बसले होते. मांडीवर कापूस होता. ते समईसाठी वाती वळत होते. वळून झालेली वात त्यांनी ताटलीत ठेवली आणि दुसरी घेतली.

विचारणारा डोमाजी तांबट मठाच्या पायरीवर टेकला होता. टेकडीची चढण त्याने एका दमात काढली होती. पण हा शीण चढणीचा नव्हता. तो चार दिवसांपूर्वी घरात शिरला होता आणि उठायचे नाव घेत नव्हता.

“कोणतं भांडं?” महाराजांनी विचारले.

“यंत्र. तांब्याचं. खाली हंडा, वर टोपण, टोपणाला नळी. मोहाची फुलं गाळतात त्यात.”

“दारू म्हण.”

“दारू,” डोमाजी म्हणाला.

गावच्या भट्टीवर जे यंत्र चालते ते त्याच्याच हातचे होते. भट्टीवाला उद्धव ते घेऊन गेला त्याला सहा वर्षे झाली. डोमाजीचा जावई लहानू त्या भट्टीवर आधी लाकडे फोडायला लागला, आणि मग तिथेच प्यायला लागला. चार दिवसांपूर्वी डोमाजीची मुलगी सगुणा माहेरी आली. तिसऱ्यांदा. या खेपेला उजवा हात गळ्यात बांधलेला होता. आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून निजून होती. बापाशी एक शब्द बोलली नव्हती.

एवढे सगळे डोमाजीने दोन वाक्यांत आटोपले. पुढचे मात्र सावकाश सांगितले, कारण तो त्यासाठीच आला होता.

“उद्धवाला आता मोठं यंत्र हवंय. चौपट. हंडा ठोकून झालाय, नळी राहिली आहे. गुरुवारी न्यायला येणार. तुम्ही दोष नाही म्हणालात तर पुरं करतो. आहे म्हणालात तर…”

“तर?”

“तर पुढचंही तुम्हीच सांगा.”

महाराज वात वळत राहिले.

“वैद्यबुवाही माझ्याकडूनच यंत्र नेतात,” डोमाजी म्हणाला. “ओव्याचा अर्क काढतात. पोटशूळ थांबतो लोकांचा.”

“माझाही थांबला होता.”

“तेच म्हणतो मी. तांबं तेच, सांधे तेच. सुरीनं कुणी भाजी चिरतं, कुणी गळा. म्हणून लोहाराला कुणी फाशी देत नाही.”

“हे घरी जुळवलंस की वाटेत?”

डोमाजीने मान खाली घातली. “वाटेत.”

“बरं जुळलंय. उतरताना पुन्हा एकदा म्हणून बघ.”

…

“तुझं भांडं कधी गळत नाही, असं ऐकतो,” महाराज म्हणाले.

डोमाजीची पाठ आपोआप ताठ झाली. “चाळीस वर्षं ठोकतोय. एक सांधा पाझरला तर मिशी उतरवीन.”

“मिशी असू दे. मापं कशी धरतोस ते सांग.”

चार दिवसांत त्याला उत्तर ठाऊक असलेला हा पहिलाच प्रश्न होता. त्याने एक काटकी उचलली, पायरीवरून खाली उतरला आणि अंगणातल्या धुळीत रेघा ओढू लागला.

“आधी हंडा. जेवढं शिजवायचं त्याच्या दीडपट. तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा. लोभानं काठोकाठ भरला की फेस नळीत चढतो आणि सगळं नासतं.”

“किती रिकामं ठेवायचं तेही तूच ठरवतोस?”

“मीच. आतून रेघ मारून देतो. मग टोपण. ते पसरट कामाचं नाही, उंच हवं. जड वाफ वर आदळून परत हंड्यात पडते, हलकी तेवढी पुढं सरकते. तिसरी नळी. सुरुवातीला रुंद, उतरता उतरता निमुळती. पहिल्यापासून अरुंद ठेवली तर वाफ कोंडते, सांधा लिंपायला लावलेली कणीक उडते, जवळचा माणूस भाजतो. दुसऱ्यांच्या यंत्रावर पाहिलंय मी हे. माझ्या नाही.”

“हं.”

“आणि चौथं, गार पाण्याचं गंगाळ. नळी त्यातून न्यायची. इथं भलेभले फसतात. हंडा मोठा करतात आणि गंगाळ जुनंच ठेवतात. मग पाणी तापतं, वाफेचं पाणी होत नाही, ती तशीच हवेत जाते. जाळ चौपट केला तर गारवा त्याहून वरचढ लागतो, महाराज.”

नळीचा उतार मनासारखा आला नव्हता. डोमाजीने ती रेघ बोटाने पुसली आणि पुन्हा काढली. चेहऱ्यावरचा शीण गेला होता. तेवढ्या वेळात त्याला घराची आठवणही झाली नाही. माणसाला आपल्या कौशल्यात लपायला जागा मिळते, आणि ती जागा फार सुखाची असते.

महाराज वाकून पाहत होते. “पुढं?”

“पुढं काही नाही. नळी संपली.”

“थेंब कुठं पडतो?”

“मडक्यात. डब्यात. जे असेल त्यात.”

“त्याचं माप?”

“ते गिऱ्हाईकाकडं. आम्ही देत नाही ते. आणि त्याला माप कसलं? एक भरलं की दुसरं लावतात.”

…

महाराजांनी कापूस बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात रोवून ते उठले, कष्टाने पायरी उतरले आणि धुळीतच बसले. जिथे नळीची रेघ संपली होती तिथे त्यांनी आपल्या उजव्या हाताचा पसा धरला. जमिनीला न टेकवता, अधांतरी.

डोमाजी हसला. महाराज हसले नाहीत, तेव्हा त्यानेही हसू आवरले.

हात तसाच राहिला. आधी महाराजांची बोटे थरथरू लागली, मग मनगट. थरथर कोपरापर्यंत पोचली.

“हात खाली घ्या, महाराज.”

“भरला नाही अजून.”

“रेघ आहे ती. रेघेतून काय पडणार?”

“तुझ्या हातची आहे ना? मग पडेल.”

डोमाजीला तो हात बघवेना. त्याने दुसरीकडे पाहिले, पुन्हा इकडे पाहिले. शेवटी दोन्ही हात पुढे करून त्याने तो म्हातारा हात खालून धरला. हात गार होता आणि अगदी हलका. थरथर थांबली नाही. ती त्याच्याही हातांत उतरली.

…

“दोष आहे म्हणा,” डोमाजी हळूच म्हणाला. “एकदा म्हणून टाका. आज रात्रीच हंडा फोडतो. काशीला जातो. सांगाल ते प्रायश्चित्त घेतो.”

“आलास तेव्हा दोष नको होता. आता हवा आहे. दोन्ही वेळा उचलायचा मात्र मीच.” महाराजांनी डोळे मिटले. “शिव शिव. मी म्हातारा झालो रे, डोमाजी.”

“मग मी करू काय? गुरुवारी उद्धव दारात उभा राहील. नळीचा पत्रा तसाच पडून आहे. केवढी काढू?”

महाराज त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. श्वास जुळायला त्यांना बराच वेळ लागला. डोमाजी वर पाहत धुळीत बसून होता.

“घरी जा,” महाराज म्हणाले. “पत्रा सगुणेपुढं ठेव आणि विचार, केवढी काढू… ती सांगेल त्या मापाची काढ.”