पाणवठ्यावरचा कौल

एका जंगलात, मोठ्या तळ्याच्या खालच्या अंगाला, उथळशा डबक्यात एक बेडकी राहत असे. दिसायला चार बेडक्यांसारखीच, पण हट्टी म्हणाल तर तिच्यासारखी तीच. वळवाची एक सर पडून गेली तेव्हा तिने डबक्यात अंडी घातली. अंड्यांतून शेपटीवाली काळी पिल्ले निघाली, आणि मग पावसाने जी दडी मारली ती मारलीच. तरी बेडकीला काळजी नव्हती. वरच्या तळ्यातून एक पाट निघून तिच्या डबक्यात येत असे, आणि हा पाट भर उन्हाळ्यातही वाहता ठेवायचा, असा त्या जंगलाचा जुना रिवाज होता.

आता तुम्ही विचाराल, पाट वाहता ठेवायचा कुणी? अहो, त्यासाठी अधिकारी होता ना! राजा वाघमहाराजांनी कामागणिक अधिकारी नेमले होते. मधाच्या पोळ्यांवर अस्वल, पायवाटांवर कोल्हा आणि पाण्यावर रानडुक्कर. या रानडुकराला चिखलात लोळायची भारी हौस. तळ्याकाठचा चिखल त्याला पुरेना, म्हणून त्याने थेट पाटाच्या तोंडाशीच बस्तान मांडले. तिथे लोळून लोळून मातीचा असा बांध तयार झाला की पाटात थेंब उतरेना. खाली डबके रोज आकसू लागले. पिल्लांना अजून पाय फुटले नव्हते. पाणी आटले तर ती बिचारी जाणार कुठे?

बेडकी कोरड्या पाटातून उड्या मारत वर आली आणि रानडुकराच्या नाकासमोर बसली.

"कारभारी, जरा बाजूला सरता का? पाट बंद पडलाय. खाली माझी पोरं तडफडताहेत."

रानडुकराने एक डोळा किलकिला केला. "कोण गं तू? आणि हे बोलायची वेळ तरी बघ! आजच कौल सुरू होतोय. सगळं जंगल माझ्यावर किती खूश आहे ते बघच तू. एकदा कौल लागला की वर्षभर मला इथून हलवायची कुणाची टाप नाही."

असे म्हणून त्याने कूस बदलली. बेडकीच्या अंगावर चिखलाचा गोळा उडाला, तो वेगळाच.

हे कौलाचे प्रकरण काय होते ते सांगतो. दरवर्षी उन्हाळा सरता सरता वाघमहाराज प्रजेला विचारत, की आमच्या अधिकाऱ्यांपैकी तुम्हाला कोण आवडतो आणि कोण नाही? ज्याला जंगल बरे म्हणेल त्याचे पद कायम, ज्याला वाईट म्हणेल त्याने घरी बसायचे. बेत चांगलाच होता हो, मी कुठे नाही म्हणतो? पण विचारत फिरायचे काम दिले होते वानराला, आणि वानर म्हणजे पक्का अंगचोर. घरोघर हिंडायचे, बिळाबिळात डोकवायचे, कोण करणार ही यातायात? त्याने डोके लढवले. पाणी प्यायला तर सगळेच तळ्यावर येतात. मग तिथेच बसून विचारले की झाले! तळ्याच्या काठी, पाण्यात उतरायच्या एकुलत्या वाटेवर, जांभळाचे झाड होते. वानर त्याच्या फांदीवर बसला. वर जांभळे, खाली प्रश्न. जो 'आवडतो' म्हणेल त्याच्या नावाची बी उजवीकडे टाकायची, जो 'नाही' म्हणेल त्याची डावीकडे.

आणि त्याच जांभळाखाली, पाटाच्या तोंडाशी, रानडुक्कर बुंध्यावर सुळे घासत पडला होता!

पहिल्यांदा आली एक भेकर. बरोबर तिचे पाडस. ऊन मी म्हणत होते, पाडसाची जीभ बाहेर आली होती. भेकर पाण्याकडे वळणार तोच वरून आवाज आला, "थांबा, थांबा! आधी कौल. पाण्याचे अधिकारी कसे वाटतात तुम्हाला?"

भेकरीने सुळ्यांकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, मग पाडसाकडे पाहिले.

"अगदी भले आहेत हो! इतका मनमिळाऊ अधिकारी शोधून सापडायचा नाही."

"वा!" वानराने बी उजवीकडे टाकली. रानडुकराने शेपटी हलवली आणि भेकरीला वाट दिली.

मागोमाग ससा आला, मोर आला, साळिंदर आले. कुणी म्हणाले उत्तम, कुणी म्हणाले अति उत्तम. साळिंदर तर म्हणाले, "यांच्यामुळेच तर तळ्याला शोभा आहे." घसा कोरडा पडला की माणूससुद्धा काय वाटेल ते बोलतो, ते तर साळिंदर होते. उजवीकडचा ढीग वाढत गेला आणि डावीकडची जमीन कोरी राहिली.

बेडकी हे सारे बघत होती. ती झाडाखाली आली आणि ओरडली, "अहो वानरराव, माझंही मत घ्या. मला हा अधिकारी मुळीच आवडत नाही."

वानराने मान वाकडी करून खाली पाहिले. "तू पाणी प्यायला आलीस का?"

"मी पाण्यातच राहते. आम्ही बेडकं तोंडाने पाणी पीत नाही, अंगानेच शोषतो."

"मग तू गणतीत नाहीस. पाणी प्यायला येईल त्यालाच विचारायचं, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी!" वानर म्हणाला आणि त्याने आणखी एक जांभूळ तोंडात टाकले.

दुसरी कोणी असती तर कपाळाला हात लावून घरी गेली असती. ही गेली नाही. ती करवंदीच्या जाळीमागे भेकरीला गाठायला गेली. "ताई, खरं सांगा. तुम्हाला तो खरंच मनमिळाऊ वाटतो?"

भेकर चपापली. हळूच म्हणाली, "मनमिळाऊ कसला गं, मेला! काल सशाला ढुशी देऊन हाकलला त्याने. पण माझं लेकरू तहानलं होतं. अशा वेळी मी खरं बोलत बसू, की त्याला पाणी पाजू?"

"मग चला माझ्याबरोबर. महाराजांना हेच सांगा."

"मी? वाघासमोर? अगं, मी तिथे पोचले तर माझं बोलणं ऐकण्याआधीच ते जेवायला बसतील!"

हेही खरेच होते. बेडकीला उमजले, की जायचे तर एकटीनेच. वाघ काही बेडकी खात नाही. ती त्याच्या दाताच्या फटीतदेखील बसली नसती. पण वाघाची गुहा टेकडीवर, वाटेत तापलेला कातळ, आणि बेडकीची कातडी म्हणजे ओलाव्याशिवाय तासभर टिकायची नाही. निघण्याआधी तिने डबके डोळे भरून पाहिले. पाणी एका म्हशीच्या पावलाएवढे उरले होते आणि त्यात पिल्ले एकमेकांवर चढत होती. "येते रे," ती म्हणाली, "पाणी घेऊनच येते." आणि ती निघाली. सावली मिळेल तिथे थांबली, पालापाचोळ्याखालच्या ओलीत अंग घासून घेतले, पुन्हा निघाली. कातळावर पाय भाजले तेव्हा तिने रानडुकराला अशा काही शिव्या दिल्या की त्या मी तुम्हाला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा टेकडीवर दरबार भरला होता. रानडुक्कर आंघोळ करून आलेला, म्हणजे चिखलाने नव्याने माखलेला. वानर हात उंचावून सांगत होता, "महाराज, असा कौल आजवर कुणाला मिळाला नाही! एकूण एक प्राण्याने पाण्याच्या अधिकाऱ्याला पसंत केलंय. एकही 'नाही' आलेला नाही."

महाराजांनी मिशा फेंदारल्या. "शाब्बास! मग यांचं पद..."

"थांबा महाराज!" खालून आवाज आला. "एक 'नाही' आहे. तो मी घेऊन आलेय."

सगळ्यांनी खाली पाहिले. धुळीने माखलेली, सुकून अर्धी झालेली बेडकी दगडावर चढत होती. रानडुक्कर फुरफुरला, "महाराज, ही वेडी आहे. हिच्या एकटीच्या ओरडण्याने काय होतंय? सगळ्या जंगलाने होकार दिलाय."

"सगळं जंगल तहानलं होतं, महाराज," बेडकी म्हणाली. "वानरराव पाण्याच्या काठी बसले, हे स्वतः पाण्याच्या वाटेत आडवे पडले, आणि प्रश्न विचारला पाणी पिण्याआधी. होकार नाही तर काय मिळणार? त्याच प्राण्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारा. फक्त आधी पाणी पिऊ द्या, यांना इथे अडकवून ठेवा, आणि कोण काय म्हणतं ते कुणी बघू नका."

"बघायचं नाही तर कळणार कसं?" वानर खेकसला.

"तळ्याजवळच्या वडाला ढोली आहे ना? जो खूश असेल त्याने हिरवं पान टाकावं, नसेल त्याने वाळलेलं. ढोलीत शेवटी डोकावून बघा."

महाराज गुरगुरले. झालेले काम पुन्हा करायचे म्हटले की मोठ्यांना राग येतोच. "बेडके, दुसऱ्यांदाही हाच कौल आला तर? आमचा वेळ फुकट घालवलास म्हणून तुझं डबकं बुजवून टाकीन."

"ते आटतंच आहे, महाराज. आता मला आणखी कसली भीती घालणार?"

महाराजांनी पंजाने खूण केली. रानडुकराला दरबारात बसवून ठेवले आणि जंगलात दवंडी गेली.

तुम्हाला वाटेल, लगेच रांग लागली असेल. छे हो! प्राणी आले, पोटभर पाणी प्याले आणि वडापासून लांब उभे राहिले. ससा म्हणाला, "आज तो नाहीये, पण उद्या परत आला तर?" भेकर दोन पावले पुढे आली आणि कान पाडून मागे फिरली. तासभर ढोली रिकामीच राहिली. बेडकीच्या डोळ्यांसमोर ते पावलाएवढे पाणी दिसत होते, आणि इथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

मग तिने काय केले? तिने सागाचे एक वाळलेले पान तोंडात धरले. पान तिच्या दसपट मोठे. ते ओढत, धडपडत, सगळ्यांच्या देखत ती वडाच्या मुळांवरून चढली आणि ते तिने ढोलीत ढकलले. लपवाछपवी नाही, काही नाही. खाली उतरून म्हणाली, "माझं झालं. तुम्हाला तर लपून टाकायचंय, तरी तुमचे पाय कापताहेत?"

भेकर लाजली. तिने पाडसाला मागे ठेवले आणि तोंडात काहीतरी धरून वडाच्या मागून गेली. मग ससा गेला. मग साळिंदर गेले, तेही घाईघाईने. आणि मग अशी रीघ लागली की उन्हे कलली तरी संपेना.

महाराज रानडुकराला घेऊन स्वतः वडापाशी आले. वानराने ढोलीत हात घातला आणि पाने बाहेर काढू लागला. वाळलेले, वाळलेले, वाळलेले. मध्ये दोन-चार हिरवी निघाली, तशी वारा फिरलेला पाहून त्याने ती हळूच बाजूला सारली.

"तीही धरा," बेडकी म्हणाली. "कुणाला तो खरंच आवडत असेल, तर त्याचं मत का टाकून द्यायचं?"

हिरवी धरली, तरी वाळलेल्या पानांचा ढीग वानराच्या खांद्याला लागला.

रानडुक्कर चवताळला. "खोटारडे! काल तोंडावर गोड बोलत होते सगळे!"

"तोंडावर होतास म्हणूनच गोड बोलत होते," महाराज म्हणाले. "आजपासून पाण्याचा कारभार तुझ्याकडे नाही. आणि जाण्याआधी तो पाट मोकळा करून जा. तुझ्याच नाकाडाने उकर."

रानडुकराने मुकाट्याने नाक खुपसले. उकरण्यात तो वाकबगार, आपल्याच अंगाने घातलेला बांध त्याने बघता बघता फोडला. पाणी खळखळ करत खाली धावले आणि त्याच्या पुढे बेडकी धावली. डबक्यात पोचली तेव्हा कडेची काही पिल्ले चिखलात निपचित पडली होती, ती पुन्हा हलली नाहीत. पण मधली बरीच तगली होती. पाणी चढताच ती शेपट्या वळवळत सुटली. बेडकी पाण्यात शिरली आणि रडली. गेलेल्यांसाठी रडली, राहिलेल्यांसाठीही रडली.

महाराज पाटाच्या कडेने चालत तिथवर आले होते. ते काठाशी बसले, पंजा चाटला आणि जरा घसा खाकरून म्हणाले, "बेडके, तू निर्भीड आहेस. तुला एक विचारतो. राजा म्हणून आम्ही कसे आहोत? लोकांना आम्ही आवडतो का?"

बेडकीने पाण्यातून डोके वर काढले. पलीकडच्या झुडपांत भेकर, ससा आणि साळिंदर श्वास रोखून उभे होते.

"सांगतील की सगळे, महाराज," ती म्हणाली. "आधी तुम्ही त्या वळणापलीकडे जा."

वाघ तिच्याकडे बघत राहिला. मग तो उठला, वळणापलीकडे गेला आणि तिथे पाठमोरा बसून राहिला.

तात्पर्य : ज्याच्या हाती आपले पाणी, त्याच्यासमोर दिलेला होकार म्हणजे लोकांचे मत नव्हे. खरे मत हवे असेल, तर विचारणाऱ्याने आधी 'नाही' म्हणणाऱ्याची भीती दूर करावी.