बाकावरचा अनुभव

ऑस्ट्रेलियातल्या एका गावच्या रग्बी क्लबाने भरभक्कम करार करून नामवंत खेळाडू आणला. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो राखीव बाकावर बसून पगार घेऊ लागला. खर्च भागेना, म्हणून अध्यक्ष बार्टनसाहेबांनी हौशी खेळाडूंची फी दुप्पट केली.

कायमचा राखीव रंजन टिपणीस म्हणाला, "मी तर नुसता बसतो."

"बसायचेही पैसे पडतात. भरा, नाहीतर यादीतून नाव काढतो."

"मग त्याला बसायचे पैसे मिळतात कसे?"

"अनुभवाचे मिळतात."

"साहेब, तो तीन महिने बसलाय. मी अकरा वर्षं बसतोय, तेही धडधाकट गुडघ्यांनी."

साहेबांनी बाकावरच्यांची फी माफ केली. पुढच्या शनिवारी अख्खा संघ बाकावर जागा धरून बसला होता.