नावेतला बोळा

एकदा एका रुंद नदीच्या अल्याड भरल्या पोटाची पेठ होती आणि पल्याड रिकाम्या पोटाचे गाव. पेठेचा प्रमुख व्यापारी गावाला उपदेश करी, "बाबांनो, तुमचा पुढारी तुम्हीच निवडा. मडक्यांत खडे टाका, मोजायला आम्ही माणसे पाठवतो." गावाने खडे टाकले. पेठेच्या माणसांनी ते दोनदा मोजले, खोट सापडेना. निवडून आले कोण? तर पेठेच्या गाड्या फोडणारे कुऱ्हाडवाले! जुन्या पुढाऱ्यांनी पेठेकडून येणारे मदतीचे धान्य आपल्याच माळ्यावर चढवले होते, त्याचा तो राग. व्यापाऱ्याने त्याच दिवशी धान्य नेणारी नाव बंद केली. "खडे तुमचे, नाव आमची. आधी कुऱ्हाडी टाका," म्हणाला.

पेठेत एका वृद्ध गुरूंपाशी चाळिशीचा एक शिष्य होता. त्याची बाळंतीण बहीण पल्याड होती, आणि तिच्या घरचे दाणे संपल्याचा निरोप पोहत आलेल्या एका गुराख्याने आणला होता. शिष्याने गुरूंचे पाय धरले. गुरू खुदकन हसले. शिष्याला संशयच आला. म्हातारा असा हसला की कुणाचे तरी धोतर भिजायचे.

गुरू व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, पल्याड पाय ठेवू नका. पण नावेतून नदीच्या मधोमध जाऊन तुमची अट तर ऐकवा. चार पोती सोबत घ्या, नुसती दाखवायला."

ती नाव दोरांवर चाले. दोन्ही टोकांना एकेक दोर. एका तीराने ओढायचा, दुसऱ्याने सैल सोडायचा. शेठ, गुरू आणि शिष्य असे तिघे मध्यावर पोचताच व्यापाऱ्याने हात वर केला आणि पेठेच्या माणसांनी दोर आवळला. समोरच्या तीरावर कुऱ्हाडवाल्यांचा म्होरक्या उभा होता. एका हातात दोर, दुसऱ्यात कुऱ्हाड.

"आधी कुऱ्हाडी नदीत टाका!" व्यापारी ओरडला.

"आधी पोती उतरव! त्यांत दाणे आहेत की दडलेली माणसं, कुणी सांगावं!"

तेवढ्यात गुरू वाकले आणि नावेच्या तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा त्यांनी ओढून काढला. पाणी बुडबुडत आत आले.

"अहो महाराज, वेड लागलं का तुम्हाला?"

"पाय धुऊन घ्या शेठ, फार चालून आलात."

व्यापारी किंचाळला, "मागे ओढा रे!" पेठेने ओढले. धान्य परत चालले असे वाटून म्होरक्यानेही दोर झाडाला वेढा देऊन धरला. नाव जागची हलेना. पाणी मात्र घोट्यापर्यंत चढले. शिष्य ओंजळीने उपसू लागला. शेवटी व्यापाऱ्याने पेठेकडे तोंड करून आयुष्यात प्रथमच उलटी आज्ञा दिली, "सोडा! सैल सोडा!"

म्होरक्याने वेढा काढला आणि एका हाताने दोर ओढून पाहिला. नाव नुसती डुलली.

मागून एक म्हातारी कडाडली, "अरे मुडद्या, दोन्ही हात लाव! तुला खडा टाकला तो भाकरीसाठी!"

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, तिच्यावर पाय दिला आणि दोन्ही हातांनी दोर ओढला.

पोती उतरली. शिष्य एक पोते पाठीवर घेऊन बहिणीकडे धावला. परत आला तेव्हा गुरू वाळूत धोतर पिळत होते.

"गुरुदेव, बुडलो असतो तर? आपल्याला पोहता येतं?"

"नाही. शेठांनाही येत नाही, ते आधी विचारून घेतलं होतं." मग म्हातारा गंभीर झाला. "बाळ, भोक मी नाही पाडलं. ज्या दिवशी शेठांनी 'तुम्हीच निवडा' म्हटलं आणि निवडल्यावर नाव अडवली, त्या दिवशी अर्धं पडलं. म्होरक्यानं निवडून येऊनही कुऱ्हाड हातातून सोडली नाही, तेव्हा उरलेलं. पण दोघांचे पाय कोरडे होते. मी फक्त बोळा काढला."

"म्हणजे आता विश्वास बसला?"

"छे! बघ की."

शिष्याने पाहिले. म्होरक्याचा पाय अजून कुऱ्हाडीवरच होता. पेठेच्या तीरावर तिथल्या माणसांनी दोराचे टोक कमरेला गुंडाळून ठेवले होते. व्यापारी उरलेली पोती डोळ्यांनी मोजत होता.

"पण कुऱ्हाड हातात नाही, आणि तुझ्या बहिणीची चूल पेटली आहे. आजचं काम झालं."

परतताना गुरूंनी बोळा पुन्हा बसवला. निदान बसवल्यासारखे केले. शिष्य सारी वाट त्यावर टाच रोवून बसला, आणि व्यापारी शिष्याच्या टाचेकडे टक लावून.

दुसऱ्याच्या गावाला निवडीचा उपदेश करणाऱ्याने आपण कोणत्या नावेत बसलो आहोत, ते आधी वाकून पाहावे.