मायनर

फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि अनसूयाची मुलगी रेवती गेली. चौकशीला सरकारी अधिकारी बाई आल्या, तेव्हा मालक धनपालशेठ ऐटीत म्हणाले, "मॅडम, अपघात अगदी मायनर होता."

अनसूयाने विचारलं, "शेठ, मायनर म्हंजे?"

"लहान. तुला नाही कळायचं."

"कळतंय की. शिष्यवृत्तीच्या पासबुकावर रेवतीच्या नावापुढं हाच शब्द छापलाय. पंधरावं लागलं होतं तिला. मायनर अपघात नव्हता शेठ, माझी लेक होती."

शेठचा चेहरा पडला. हजेरीपटावर त्यांनी रेवतीचं वय एकोणीस लिहिलं होतं. बाईंनी तो पट जप्त केला, शेठवर गुन्हा दाखल झाला.

सगळी वस्ती अनसूयाच्या हुशारीचं कौतुक करू लागली. ती एवढंच म्हणाली, "तिला कामावर धाडलं, तेव्हा कुठं गेली होती ही हुशारी?"