सावीआजीच्या होडीचं गाऱ्हाणं

“सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतील तेव्हा तू ‘नाय म्हाराजा’ ओरडशील?” उम्याने बाबल्याला विचारलं. “नाहीतर यंदा शिमग्याच्या नाचात राधा तू. साडी, बांगड्या, सगळं.”

साडीच्या धाकाने शहाणी माणसंही वेडी होतात. बाबल्या तर आधीच अर्धा होता. ओरडतो म्हणाला.

बाबल्या आबा गुरवांचा चेला. आबा देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचे, ओळीओळीला गाव ‘होय म्हाराजा’ म्हणायचा; बाबल्या ते पाठ करायचा, आणि आपल्याएवढा खणखणीत गळा पंचक्रोशीत नाही हे आबांनाच ऐकवायचा.

सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी टेकली. गाव गोळा झाला. सगळ्यात पुढे खाडीपलीकडची सावीआजी.

शिमग्यात होळीसाठी लाकूड चोरायचंच असतं. पण बेचाळीस वर्षांपूर्वी इथल्या कोणीतरी आजीची होडीच उचलून होळीत घातली. कोणी, ते गावाने कधी सांगितलं नाही. आजी मात्र दर शिमग्याला येते, गाऱ्हाण्यातली आपल्या होडीची ओळ ऐकते आणि परत जाते.

“...आणि ह्या लेकरांनी सावीची होडी जाळली, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा,” आबा म्हणाले.

“नाय म्हाराजा!”

ढोलवाल्याच्या हातातलं टिपरू खाली पडलं.

“काय रे?” आबांनी विचारलं.

“मी जन्मलो तरी होतो का तेव्हा, आबा? माझा बापूस नागडा फिरत होता. मी कशाला होय म्हणू?”

आबांनी डोकं खाजवलं...

“बरोबर बोलतोय. ज्यांनी जाळली नाही, त्या सगळ्यांनी नाय म्हणा.”

गावाला काय, सुट्टीच मिळाली. म्हातारे, बायका, पोरं, पोलीसपाटील, जो तो “नाय म्हाराजा, नाय म्हाराजा.” नुसती खसखस पिकली.

सावीआजीही हसली.

“बरं झालं कळलं,” ती म्हणाली. “म्हणजे होडी आपली आपणच चालत होळीत गेली.”

आणि काठी उचलून निघाली. आपली ओळ न ऐकताच.

बाबल्या तिच्या पाठीकडे बघत राहिला...

खणखणीत गळा, पण आवाज निघाला मांजराच्या पिल्लाचा.

“होय म्हाराजा.”

आजी थांबली.

“तू तर जन्मला नव्हतास,” आबा म्हणाले.

“नव्हतोच. पण ती तशीच चाललीय ना, आबा. कोणीतरी होय म्हणायला नको? हवं तर राधापण होतो.”

पुन्हा हसू उसळलं. आजी तर काठीवर रेलून हसत होती.

आबा तेवढे हसले नाहीत...

हातातला नारळ त्यांनी बाबल्याकडे दिला. डोक्यावरची टोपी काढली. पायरी उतरून आजीसमोर उभे राहिले.

“सावे, वल्ही नाही जाळली मी. माझ्या माळ्यावर आहेत.”