सारजाक्काचं मुकं तास

सुकटी नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात कुणी पाहुणा आला, की त्याच्या डोळ्यांत आधी भरते ती रानातली एक खोड. शाळू छातीला लागलेला असतो, खालची काळी जमीन कुठं नजरेला पडत नाही, आणि अशा भरल्या रानाच्या मधोमध, या बांधापासून त्या बांधापर्यंत, माणूस सरळ चालत जाईल एवढी पट्टी उघडी बोडकी पडलेली असते. एकाच्या रानात नव्हे, पाचही गावांच्या सगळ्या रानांत. पन्नास एकरवाल्याच्या मळ्यात एक आणि दहा गुंठेवाल्याच्या तुकड्यातही एक.

मागल्या पौषात शेतकी कॉलेजची चार पोरंपोरी आवळगावला आली होती. गेनूतात्यांच्या बांधावर उभं राहून त्यांनी ती पट्टी बघितली आणि एकानं शहाणपणानं विचारलं, "आजोबा, पेरताना यंत्राच्या नळ्या तुंबल्या होत्या का?"

"तुंबल्या न्हवत्या, तुंबवल्या," तात्या म्हणाले. "ट्रॅक्टरवाला परगावचा. ऐकंना. शेवटी मी सोता नळ्यांत चिंध्यांचे बोळे कोंबले, तवा कुठं त्यानं एक फेरा मुका मारला. बसा खाली. हुरडा खा. आन् ऐकायचं आसंल तर मधी फाटे फोडायचे न्हाईत."

तात्यांचा स्वभाव तिरसट, पण ही कथा सांगताना त्यांचा आवाज उतरतो. ती त्यांनी आजीकडून ऐकलेली, आजीनं तिच्या सासूकडून.

असं सांगतात, की तेव्हाही खोऱ्यात हीच पाच गावं होती. आवळगाव कुणब्यांचं, मळेवाडी माळ्यांची, मेंढेवाडी धनगरांची, कोळपेठ नदीकाठच्या कोळ्यांची आणि भट्टीगाव कुंभारांचं. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नसे. धनगराची मेंढरं कुणब्याच्या रानात बसत, कुंभाराच्या घागरी पाचही गावांच्या पाणवठ्यावर भरत. भांडणंही भरपूर. पण पेरणी आली, की पाचही गावांना एकच बाई आठवायची, सारजाक्का.

तेव्हा पेरणी पाभरीवर व्हायची. पुढं बैल हाकणारा गडी, मागं चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई. या बांधापासून त्या बांधापर्यंत पाभरीचा एक फेरा म्हणजे एक तास. चाडं म्हणजे पाभरीवरचा लाकडी वाडगा. त्यात मुठीतून बी सोडायचं आणि ते नळ्यांतून खाली मातीत उतरायचं. मूठ सैल पडली तर दाट, आवळली तर विरळ. सारजाक्काची मूठ म्हणे अशी, की शाळू उगवला की ओळ कुणी दोरी धरून आखल्यासारखी दिसायची. ती डोळ्यांनी पेरतच नसे, कानांनी पेरायची. नळीतून बी उतरतं त्याची सळसळ चालू आहे तोवर सगळं ठीक.

बाई एकटी होती. नवव्या वर्षी घाटाखालून लग्न होऊन आली, विशीत कुंकू पुसलं, पदरी लेकरू नाही. माहेरी भाऊ होता, पण त्यानं पंचवीस वर्षांत एकदाही बोलावणं धाडलं नाही. ना पंचमीला, ना दिवाळीला. दर दिवाळीला ती वाट बघायची, मग स्वतःच्याच हातानं दाराशी पणती लावायची आणि कामाला लागायची. ती कोणत्या जातीची होती, हे आज कुणी नक्की सांगत नाही. धनगर म्हणतात आमची, कुंभार म्हणतात आमची. तात्या म्हणतात, पेरणीच्या दिवशी मूठ विचारतात, जात नाही.

एका साली खंडोजी पाटलाच्या थोरल्या रानात पेरणी चालली होती. पाटील आवळगावचा, घरात सून चंद्रा पोटुशी. हस्ताचा पाऊस नुकता होऊन गेलेला, वापसा अस्सा, की मूठभर माती उचलून खावी वाटावी. पैलतीरावर घाटाखालच्या बाया भुईमूग काढायला आल्या होत्या. आणि त्या गाऊ लागल्या.

चाल सारजाक्काच्या माहेरची होती. ओळीचं शेवटचं अक्षर लांब ओढून मग हळूच खाली सोडायचं, तसं फक्त तिच्या गावात गात. तिची आई जात्यावर असंच गायची. सारजाक्काचे पाय पाभरीमागं चालत राहिले, मूठ चाड्यावर धरलेली राहिली, पण कान नदीपलीकडं गेले. मुठीतलं बी सरलं. ओटीत हात घालायचं तिला सुचलं नाही. नळ्या मुक्या झाल्या आणि जन्मात पहिल्यांदा तिला ते ऐकू आलं नाही. बांधावर पोचली तेव्हा गाणं थांबलं होतं. तिनं डोळे पुसले, ओटीतून बी घेतलं आणि पुढचं तास धरलं.

सहाव्या दिवशी शाळू वर आला. रानाच्या ऐन मधोमध एक तास कोरडं ठणठणीत.

खोऱ्यात त्या काळी एक समजूत पक्की होती. पेरणीत तास मुकं गेलं, की शाळू खळ्यावर यायच्या आत त्या शेताच्या धन्याच्या घरातलं एक माणूस जातं. पाटलाच्या घरात रडारड झाली. सगळ्यांच्या नजरा चंद्राच्या पोटाकडं. पाटील तापट माणूस. पण तोही बांधावर मटकन बसला.

सारजाक्का आली. तिनं ते तास बघितलं, आणि पाच गावांची माणसं जमलेली असताना त्या उघड्या पट्टीत जाऊन उभी राहिली.

"मूठ माझी, चूक माझी," ती म्हणाली. "हे तास आजपासून पाटलाचं न्हाई, माझं. यायचं ते माझ्या घरी यावं. माझ्या मागं रडणारं कोन हाय? दाराला आतून कडी लावायची म्हनलं तरी मीच, आन् काढायची म्हनलं तरी मीच."

बोललेला शब्द मागं घेता येत नाही. लोक खाली माना घालून घरी गेले. पाटलाच्या घरचं मरण टळलं याचा आनंद कुणालाच झाला नाही, चंद्राला तर नाहीच.

पण भट्टीगावची बायजाबाई कुंभारीण होती. म्हातारी, तोंडाची फाटकी. तिच्याकडं चाकापलीकडं जमीन म्हणजे भट्टीमागचा एवढासा तुकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यात उतरली आणि मधली एक पट्टी भराभरा उपटून काढली.

"अगं म्हातारे, येड लागलं का?" लोक धावले. "मरण दारात बोलावतीस?"

"बोलावतेच," बायजाबाई म्हणाली. "त्याला काय नावगाव वाचता येतंय व्हय? त्यो मुकं तास बघणार आन् घर धरणार. मग दिसू द्या की त्याला जागोजाग. त्यो एकटा, आपन पाच गावं. बघू कोन आधी दमतंय ते!"

हसू आलं तरी हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. उपटलेली प्रत्येक पट्टी म्हणजे आपल्या घरावर ओढून घेतलेली धाड. घराघरांत वाद झाले. कुणाच्या घरी तान्हं मूल, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप. पण सारजाक्काच्या हातचा शाळू खाल्ला नाही, असं घर खोऱ्यात नव्हतं. आधी पाटील उठला आणि खालच्या रानातलं तास त्यानं स्वतः उपटलं. मग मळेवाडी, मग कोळपेठेची नदीकाठची वावरं. धनगरांना रान थोडं, तर त्यांनी होतं त्यात काढलं. आठ दिवसांत पाच गावांत मुकं तास नाही असं रान उरलं नाही. सारजाक्का बांधाबांधानं ओरडत फिरली, "आरं, लेकराबाळांची मानसं तुमी, कशाला माझ्यापायी..." तिचं कुणी ऐकलं नाही.

मार्गशीर्षात चंद्राला मुलगी झाली. आणि पौषात, म्हणे, भर दुपारी एक परका माणूस रेड्यावर बसून खोऱ्यात आला. पहिल्या मुक्या तासाशी थांबला. बांधावर चंद्रा उभी होती, कडेवर लेक.

"बाई, हे तास कुणाचं?"

"सारजाचं."

"सारजा कोण?"

चंद्रानं लेकीला घट्ट धरलं. ती म्हणाली, "मीच."

त्यानं तिच्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, पण पलीकडच्या रानातही तसंच तास दिसलं, तेव्हा खरं कोणतं ते बघायला त्यानं रेडा पुढं हाकला. तिथं बांधावर माळीण. तीही सारजा. मेंढेवाडीत मेंढरांमागची पोर सारजा, कोळपेठेत जाळं विणणारी म्हातारी सारजा. भट्टीगावात बायजाबाईनं तर त्याला पाणी पाजलं आणि वर दटावलं, "सारजा म्हनून सांगितलं न्हवं? आता किती बारी इचारशील?" शाळूचा हुरडा झाला, दाणा पिकला, काढणी आली, तरी तो फिरतच होता.

सारजाक्काला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती रोज अंगण सारवून, एक धुतलेलं लुगडं उशाशी ठेवून वाट बघत बसायची. शेवटची पेंढी खळ्यावर जायची त्या दिवशी सकाळी ती नदीवर पाण्याला गेली. काठावर तो बसला होता, पाय पाण्यात सोडून. रेडा धापा टाकत होता.

"बाई," त्यानं विचारलं, "तू कोण?"

सारजाक्कानं घागर खाली ठेवली. जन्मात ती कधी खोटं बोलली नव्हती.

"सारजा," ती म्हणाली.

त्यानं कपाळाला हात लावला. "तूसुद्धा? अगं, या खोऱ्यात बाईला दुसरं नावच ठेवत नाहीत का?"

वैतागून तो उठला, रेडा पाण्यात घातला आणि पैलतीराला लागून घाटाकडं निघून गेला. सारजाक्का बघत राहिली. काय झालं ते हळूहळू तिच्या ध्यानात आलं, आणि ती घागरीजवळ बसून ओक्साबोक्शी रडली. ज्या खोऱ्यात आपलं म्हणायला कुणी नाही असं ती धरून चालली होती, तिथं घराघरांत बाया तिचं नाव घेऊन मरणापुढं उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या दिवाळीला तिला पाच गावांहून पाच बोलावणी आली. त्यानंतर ती वीस वर्षं जगली आणि एकदाही आपल्या दारात एकटीनं पणती लावली नाही.

तात्यांची गोष्ट संपली. हुरड्याची फोलपटं त्यांनी झटकली आणि उगाच दुसरीकडं बघितलं.

"आजही," ते म्हणाले, "ह्या खोऱ्यात लेक माहेरी आली, की आधी मुक्या तासातनं चालती. पल्याडच्या बांधावरनं इचारत्यात, कोन गं? तिनं आपलं नाव सांगायचं न्हाई."

पोरांत भंडाऱ्याकडची पल्लवी होती. तिला घर सोडून दोन वर्षं झाली होती. त्या वर्षीची दिवाळीही तिनं वसतिगृहातच काढली होती. ती चाचरत म्हणाली, "मी चालू का?"

"चाल की. कुनाची तरी लेकच हायेस न्हवं?"

तिनं चपला बांधावर काढल्या. दोन्हीकडं शाळू उभा, मधून ती एकटी चालत गेली. पल्याड तात्यांची कारभारीण भाकरीचं गाठोडं घेऊन येत होती. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिनं हाक मारली, "कोन गं ती?"

पल्लवीनं उत्तर दिलं.

"सारजा."

"ये बाई," म्हातारी म्हणाली. "लई दिसांनी आलीस."