महाकोळ्याचे बिऱ्हाड

एका राज्यात पाहुण्याला आग्रह न करणे हा राजद्रोहाच्या खालोखालचा अपराध मानीत असत. त्या राज्याच्या अतिथिशाळेची मुख्य होती विशाखादाई. उपवासाला बसलेल्या एका तपस्व्यालाही तिने श्रीखंडाच्या तीन वाट्या संपविण्यास लावल्या होत्या, आणि ही हकीकत ती मोठ्या अभिमानाने सांगत असे.

राजकन्या इंदुलेखेला तिनेच लहानाची मोठी केली होती. त्या इंदुलेखेवर संकट आले. राजवाड्याच्या तळघरात कालकेतू नावाच्या मायावी पुरुषाचे शापित धन पुरलेले होते. कुतूहलाने तिने त्यातील एक माणिक उचलले, तोच तिची पावले दगडाची झाली. दररोज बोटभर दगड वर चढू लागला.

तो गुडघ्यांपर्यंत आला, त्या दिवशी दक्षिणेच्या अरण्यातून एक धनेश पक्षी आला. त्याच्या चोचीत वेताची करंडी होती आणि करंडीत तळहाताएवढा केसाळ महाकोळी.

"राजा," धनेश म्हणाला, "हा कोळी तुझ्या घरी रुळला आणि आपल्या दाराशी आपल्या मर्जीने त्याने धागा बांधला, तर तो धागा कन्येच्या मनगटाला बांध. शाप उतरेल. अटी तीन आहेत."

"लवकर सांग!" राजा भद्रसेन म्हणाला. घाई हा त्याचा स्थायीभाव होता.

"त्याचे घर त्याला शोभेल असे असावे. त्याची इच्छा नसता त्याला काही देऊ नये. तिसरी अट वेळ येताच कळेल."

पाहुणा आला म्हणजे तो विशाखेचाच. तिने हस्तिदंती पेटी आणविली, तळाशी मखमल अंथरली, चारी बाजूंनी समया लावल्या. दूध झाले, मध झाला, सोललेले नाकतोडेही चांदीच्या वाटीतून झाले. महाकोळी एका कोपऱ्यात आठही पाय अंगाशी घेऊन बसून राहिला. वाटी पुढे सरकविली की तो पुढचे दोन पाय उगारी.

"लाजतो आहे," विशाखा म्हणे आणि वाटी आणखी पुढे सरकवी.

असे नऊ दिवस गेले. दगड मांड्यांवर चढला.

"बाई, पाहुणा जेवला का?" खिडकीत बसून धनेशाने विचारले.

"तुम्हीच कसला हट्टी पाहुणा आणला आहे!"

"पाहुणा हट्टी आहे खरा," पक्षी म्हणाला, "पण या दालनातला पहिला क्रमांक त्याचा नव्हे." आणि तो उडून गेला.

रागारागाने विशाखा राजकन्येकडे गेली. इंदुलेखा खांबाला टेकून उभी होती. तिच्याभोवती वैद्य, मांत्रिक, मावश्या, आत्या यांची दाटी होती. कोणी गुडघा ठोकून पाही, कोणी ओठाशी काढा नेई. सर्व गेल्यावर ती म्हणाली, "दाई, एक मागू?"

"माग, माझे बाई. लाडू आणू?"

"मला घटकाभर एकटी राहू दे. दिवसभर सगळे हात लावून पाहतात आणि काहीतरी खा म्हणतात. मी अजून आहे की नाही हे माझे मला पाहायलाही फुरसत मिळत नाही."

विशाखा उभीच राहिली. असे तिला जन्मात कोणी म्हटले नव्हते. किंवा म्हटले असेल, आणि तिने वाढण्याच्या गडबडीत ऐकले नसेल.

ती परत आली. समया तिने स्वतः विझविल्या. मोठे दगडी कुंड आणवून त्यात वीतभर ओलसर माती दाबून भरली. अर्धे खापर तिरपे पुरून आडोसा केला, कोपऱ्यात उथळ परळात पाणी ठेवले, वर वेताची जाळी बसविली. करंडी आत कलती करून ती दूर सरली. महाकोळी बराच वेळ हलला नाही. मग एकेक पाय टेकीत, माती चाचपीत तो खापराखाली गेला आणि खणू लागला.

त्यानंतर विशाखा रोज फक्त पाणी बदली. एक जिवंत नाकतोडा सोडी; सकाळी तो तसाच दिसला की मुकाट्याने काढून घेई. तिचे हात शिवशिवत. ते ती पदराखाली ठेवी.

दगड कमरेवर आला, छातीवर आला, गळ्याशी आला. त्या दिवशी दुपारी महाकोळी बिळाबाहेर उताणा पडलेला दिसला, पाय वर करून, निश्चल.

राजा धावत आला. "मेला! उचला त्याला! आणि हे पाहा, खाली धागे आहेत. तेच घ्या, बांधा!"

खरोखरच महाकोळ्याच्या पाठीखाली दाट रेशमी धाग्यांचा थर होता. विशाखेचा हात जाळीपर्यंत गेला. मुलीच्या गळ्याशी दगड आला होता आणि धागा वीतभर अंतरावर होता. तिने पुन्हा निरखून पाहिले. किती जपून, किती सारखे विणले होते ते!

"महाराज, हे त्याचे अंथरूण आहे. मरणारा इतके नीट अंथरूण घालीत नाही. आणि दाराशी तर त्याने अजून काहीच बांधलेले नाही. थांबणे, हीच ती तिसरी अट असावी."

"दाई, माझी मुलगी दगड होते आहे!"

"माझीही," विशाखा म्हणाली आणि कुंडाला पाठ लावून बसली. राजाज्ञा मोडण्याची तिची ती पहिलीच वेळ.

संध्याकाळपूर्वी महाकोळ्याची कात उकलली. जुन्या पायांतून नवे पाय, हातमोज्यातून बोटे यावीत तसे, एकेक बाहेर आले. तो ओलसर, काळाभोर, पहिल्याहून मोठा होऊन निघाला आणि बिळात गेला. दुसरा दिवस गेला. दगड ओठांवर आला. इंदुलेखेचे फक्त डोळे बोलत होते. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा बिळाच्या तोंडाशी, या काठापासून त्या काठापर्यंत, एक पांढरा धागा ताणलेला होता.

विशाखेने तो काडीने उचलला आणि मनगटाला बांधला. कडकड आवाज झाला. दगड खपल्यांसारखा गळून पडला, आणि तळघरातल्या त्या धनाची राख झाली.

राजा मुलीला सावरायला झेपावला. विशाखेने हात आडवा धरला.

"महाराज, थांबा."

इंदुलेखेने खांब सोडला. एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, तिसऱ्याला अडखळली आणि हसली. आणि ज्याने आयुष्यात कधी कोणाची वाट पाहिली नव्हती, तो राजा भद्रसेन दाराशी हात पसरून मुकाट्याने तिची वाट पाहत राहिला.